सातवा रकाना

नागपुरात दोन गाड्या एकमेकींना लागल्या की पहिल्या वीस सेकंदांत तीन गोष्टी घडतात. दोन्ही ड्रायव्हर खाली उतरतात, दोघंही हिंदीत बोलायला लागतात, आणि जवळच्या पानठेल्यावरची सात-आठ माणसं खर्रा घोटणं अर्धवट टाकून रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहतात. घरी वऱ्हाडी आणि ऑफिसात पुस्तकी मराठी बोलणारा माणूस बंपरला चरा पडताच हिंदीत का शिरतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. बहुधा मराठीत बोललं की समोरचा लगेच कोणाचा तरी कोणी निघतो आणि मग भांडता येत नाही. 'देख के नहीं चला सकता क्या बे' इथून निघालेलं प्रकरण 'तू जानता नहीं मैं कौन हूँ' इथवर जातं आणि तिथंच अडतं, कारण दोघांपैकी कोणीच तसा कोणी नसतो. मे महिना असेल तर 45 अंशांत हे सगळं तीन मिनिटांत आटोपतं. डिसेंबरात, अधिवेशनाच्या दिवसांत, पाऊण तास चालतं. हवा छान असते, आणि तसेही रस्ते बंदच असतात.

आमच्या भागात मात्र चौथीही गोष्ट घडते. सायकलची घंटी वाजते, गर्दीतलं कोणीतरी म्हणतं, “आले बाप्पा,” आणि पंचनामे काका पुढे येतात.

पंचनामे हे त्यांचं आडनाव नाही. ते आमच्या चौकानं दिलेलं. खरं आडनाव आता त्यांच्या वीजबिलावर तेवढं उरलं आहे. एका विमा कंपनीच्या मोटार क्लेम विभागात ते 32 वर्षं कारकून होते. “बत्तीस वर्षं ॲक्सिडेंट वाचले सर,” ते सांगतात, “पाह्यला एकही नाही.” टेबलावर यायचं ते सगळं होऊन गेलेलं: पंचनाम्याची नक्कल, गॅरेजचं एस्टिमेट, चेपलेल्या दरवाजाचा काळा-पांढरा फोटो. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, मुलाकडे पुण्याला जातात. काका शंकरनगर चौकात जाऊ लागले.

उंची बेताची, शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलेलं, पँटच्या पायाला क्लिप, आणि हँडलला पोत्याची शिवलेली पिशवी. पिशवीत खडू, शिंप्याचा टेप, ड्रेसिंगचा रोल, ग्लुकोजचा पुडा, कायद्याच्या झेरॉक्स आणि एक लांबोळकी वही. वहीला सुतळीनं बॉलपेन बांधलेला. मागून नेलेला पेन परत येत नाही, हा सरकारी ऑफिसांतून त्यांनी काढलेला एकमेव निष्कर्ष आहे असं ते म्हणतात.

वहीत सात रकाने आखलेले. तारीख-वेळ, जागा, वाहनं, जखमी, साक्षीदार, अपघात कसा घडला, चूक कोणाची. पहिले सहा ते जागेवर भरतात. सातवा कोरा. पानामागून पान उलटा, सातवा कोराच. रस्त्यावर जमलेल्या प्रत्येकाला मात्र रस असतो तो फक्त सातव्यात. “मिस्टेक कोणाची, काका?” हा प्रश्न पानठेल्याकडून हटकून येतो. काका चष्म्यावरून बघतात. “त्या पोट्ट्याच्या गुडघ्यातून रक्त येऊन राह्यलं अन् तुमाले मिस्टेक पाह्यजे? पहिले माणूस. मंग गाडी. मंग कागद. मिस्टेक सगळ्यात शेवटी, अन् ते आपलं काम नोहे, कोर्टाचं हाये.”

सहावा रकाना हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. नोकरीत त्यांच्या टेबलावर जेवढे क्लेम फॉर्म आले, त्यांत 'अपघात कसा घडला' या प्रश्नाचं उत्तर देताना बहुतेकांना एक शब्द टाळता आला नव्हता: अचानक. समोरची स्कूटर अचानक वळली. गाय अचानक आली. बस अचानक थांबली. “म्हणजे आपण सोडून सगळं जग अचानक!” काका म्हणतात. ऑफिसात ते या शब्दाखाली लाल रेघ मारायचे. आयुष्यात एकदाच मारली नाही. एका गृहस्थांनी लिहिलं होतं की डिव्हायडर अचानक आला. साहेब फॉर्म परत पाठवायला निघाले, तेव्हा काका म्हणाले, साहेब, हे राहू द्या, आपल्या गावात हे होऊ शकते. रात्री घरी जाताना नव्हता, सकाळी ड्यूटीवर जाताना होता. सिमेंट रोडच्या नागपुरात राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

माझी त्यांची ओळख वहीतल्या एका पानावर झाली. सिग्नलच्या आकड्यात तीन उरले होते आणि मी ब्रेक मारला. पिवळा दिसल्यावर थांबणं हा आमच्याकडे गुन्हा नसला तरी विश्वासघात आहे. मागचा माणूस तुमच्या भरवशावर येत असतो. तसा तो आला. डिकीचं झाकण सामोशाच्या कडेसारखं दुमडलं. मागच्या गाडीतून उतरलेले गृहस्थ माझ्या दीडपट होते. त्यांनी हिंदी काढली. मीही काढली, पण मी मराठी शिकवणारा माणूस. माझी हिंदी 'आपको समझता नहीं क्या' याच्यापुढे जात नाही, आणि ती ऐकून पानठेल्यावरच्या लोकांची सहानुभूती तिकडच्या बाजूला गेली.

तेवढ्यात घंटी वाजली. काकांनी आम्हा दोघांकडे पाहिलंही नाही. खिडकीतून हात घालून माझं इंजिन बंद केलं, चारही इंडिकेटर लावले आणि मागच्या सीटवर बसलेल्या माझ्या सासूबाईंसमोर वाकून म्हणाले, “आजी, मान डावीकडं करा. आता उजवीकडं. हात वर. नाव काय जी तुमचं?” सासूबाईंनी नाव सांगितलं, मागितलं नसताना माहेरचंही सांगितलं. “दुखते काही?” “नाही बा.” “आत्ता नाहीच दुखणार. अंगात भीती हाये तोवर काही दुखत नाही. रात्री मान आखडली तर डॉक्टरले दाखवजा, लाजू नका.” मग मागच्या गाडीतल्या मंडळींची तीच परीक्षा. माझ्या दीडपट गृहस्थांनीही भर चौकात उभं राहून मान डावीकडे-उजवीकडे करून दाखवली. त्यानंतर त्यांचा आवाज दोन पट्ट्या खाली आला. मान हलवून दाखवलेल्या माणसाला पुन्हा शिवी देणं जड जातं.

“आता मोबाइल काढा. भांडणाची शूटिंग नोहे, गाडीचे फोटो.” दोन्ही नंबर प्लेटा, दोन्ही गाड्या जशा चिकटल्या आहेत तशा, रस्त्यावरची काच, टायरची काळी रेघ, सिग्नलचा खांब. मग खडूनं चाकांच्या जागा आखल्या. शिंप्याचा टेप दीड मीटरचा, त्यामुळे आठ मीटर मोजायला तो सहा वेळा टाकावा लागला, आणि प्रत्येक वेळी गर्दीतल्या कोणीतरी मोठ्यानं आकडा म्हटला. पानठेल्याची सगळी माणसं आता कामाला लागली होती. एकजण मागून येणारी वाहनं वळवत होता. एरवी हाच माणूस 'मारो साले को' म्हणणाऱ्यांत पुढे असतो.

“हां, आता गाड्या बाजूला घ्या. फोटोच्या आधी हलवल्या तर पुरावा गेला, अन् हलवल्याच नाही तर मागून तिसरी येते.” मग लायसन, आरसी, विम्याची पॉलिसी, सगळं एकमेकांना दाखवून झालं. समोरच्यांनी खिशातून कागद काढून 'आपसात मिटलं' असं काही लिहायला घेतलं, तर काकांनी पेनच धरला. “रागात अन् भीतीत सही नसते करत. कंपनीले आजच फोन लावा. सर्व्हेयर येऊन पाहून जाईस्तोवर गॅरेजवाल्याले पाना लावू देऊ नका. अन् कोणाले खरंच लागलं असतं तर ही गोष्ट आपसात मिटवाची राह्यलीच नसती.”

त्यांनी झेरॉक्स काढली. 1988 चा मोटार वाहन कायदा, कलम 134. माणूस जखमी झाला तर त्याला उपचार मिळवून देणं आणि लवकरात लवकर, फार तर 24 तासांत, जवळच्या ठाण्यात कळवणं हे ड्रायव्हरचं कर्तव्य. पण याच कलमात एक सवलत आहे आणि ती काकांची आवडती: जमावाच्या क्षोभामुळे उपचार मिळवून देणं शक्यच नसेल तर गोष्ट वेगळी. “पाहा, कायद्यात जमाव लिहिला हाये. लिहिणाऱ्यानं आपला पानठेला पाह्यला असन.” पानठेल्याच्या लोकांना हा आपला गौरव वाटला.

शेवटी काकांनी दीडपट गृहस्थांना विचारलं, “कुठले जी तुम्ही?”

“काटोल.”

“काटोलात कोणाचे?” हा आवाज मागच्या सीटवरून आला.

पुढची नऊ मिनिटं सासूबाईंची होती. तिसऱ्या मिनिटाला हिंदी संपली. नवव्या मिनिटाला असं निघालं की ते सासूबाईंच्या मावसबहिणीच्या दिरांचे व्याही लागतात. मग गाड्या तिथंच लावून आम्ही सगळे तर्री-पोह्याच्या ठेल्यावर गेलो आणि पैसे कोणी द्यायचे यावरून, या वेळी मराठीत, दुसरं भांडण झालं. काकांनी पोहे तर्रीशिवाय खाल्ले. नागपुरात जो माणूस तर्री नको म्हणू शकतो तो कोणाचीही बाजू घेणार नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पोहे खाताना त्यांनी माझा हिशोब केला. डेंटिंग-पेंटिंगचे साडेचार हजार धरा. क्लेम केला तर त्यातले हजार कंपनी कापणारच, गाडी 1500 सीसीच्या आतली आहे म्हणून. मोठी असती तर दोन हजार. राहिले साडेतीन. “तुमचा नो क्लेम बोनस किती?” मला ठाऊक नव्हतं. पॉलिसीत आपला फोन नंबर बरोबर छापला आहे की नाही, यापलीकडे मी कधी वाचलं नव्हतं. काकांनी डोळे मिटले. बत्तीस वर्षं ज्यांची वाट पाहिली ते अडाणी ग्राहक साक्षात समोर बसलेले. पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की 20 टक्के सूट, मग 25, 35, 45, आणि पाच वर्षं ओळीनं गेली की 50. “तुम्ही पन्नासवर बसले हा. क्लेम केला की सापशिडी, नव्व्याण्णववरून खाली. पुढच्या साली हप्ता किती वाढते ते पाहा, अन् मंग सांगा साडेतीन हजार महाग का स्वस्त.” मी क्लेम केला नाही. काटोलच्या पाहुण्यांनी निम्मा खर्च दिला आणि उन्हाळ्यात लग्नाची पत्रिकाही आली.

लोक काकांना हसतात, मीही हसतो. पण एका वाक्यावर ते खरोखर चिडतात: 'कायले पोलिसाच्या लफड्यात पडता?' हे वाक्य ऐकलं की पिशवीतून दुसरी झेरॉक्स निघते, ही लॅमिनेट केलेली. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून आखलेल्या नियमांवर सुप्रीम कोर्टानं मार्च 2016 मध्ये शिक्कामोर्तब केलं, आणि 2019 च्या दुरुस्तीनं कायद्यात 134-अ हे कलम आलं. सद्हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायचं की नाही ही त्याची मर्जी. दवाखाना त्याला अडकवून ठेवू शकत नाही. काका हे गर्दीला वाचून दाखवतात, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात त्या आवाजात.

वर्धा रोडवरची एक गोष्ट मला ऑटोवाल्यानं सांगितली. काका स्वतः सांगत नाहीत. खाली रस्ता, वर पूल, त्याच्याही वर मेट्रो असा तो आपला तीन मजली वर्धा रोड. त्याच्या तळमजल्यावर रात्री एक मजूर पडलेला. ठोस मारणारा निघून गेलेला. लोक पाण्याच्या बाटल्या घेऊन आलेले, कारण आपल्याकडे पडलेल्या माणसाला पाणी पाजणं हा धर्म. काका सायकल टाकून ओरडत गेले, “पाणी नका पाजू! मान नका हलवू! 108 लावा!” ग्लुकोजचा पुडा आहे तो उभ्या माणसासाठी, पडलेल्याच्या तोंडात काही जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ते त्या माणसाच्या जखमेवर ड्रेसिंगचा अख्खा रोल दाबून बसले होते आणि त्याला गावाचं नाव विचारत होते, पुन्हा पुन्हा, झोपू नये म्हणून. नंतर मेडिकल हॉस्पिटलमध्ये पोलिसांनी सहज नाव विचारलं. नाव न सांगण्याचा हक्क ज्यांना तोंडपाठ आहे त्या काकांनी नाव, वडिलांचं नाव, पत्ता, पिन कोड सगळं लिहून दिलं आणि पंचनाम्याची नक्कल कधी मिळेल असं विचारलं.

ठोकून पळालेल्या गाडीचा पत्ता लागला नाही तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर जखमेला 50 हजार रुपये भरपाई एप्रिल 2022 पासून मिळते, हे त्या मजुराच्या भावाला त्यांनीच सांगितलं. ऑटोवाल्याच्या म्हणण्याप्रमाणे फॉर्मही त्यांनीच भरला, आणि 'अचानक' हा शब्द त्यात येऊ दिला नाही.

जानेवारी 2025 मध्ये गडकरींनी नागपुरातच एका कार्यक्रमात सांगितलं की जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याचं पाच हजारांचं बक्षीस पंचवीस हजार करणार. दुसऱ्या दिवशी पानठेलेवाला रस्त्याकडे वेगळ्याच नजरेनं बघत होता. “काका, एकानं उचललं तर पूर्ण पंचवीस, का वाटून?” काका म्हणाले, “परवा एकाले उचलाले चार जण लागत होते, तीनच आले. तेव्हा तू चुना लावत होता.” मग त्याच वर्षीच्या मे महिन्यात जखमींवर सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा कॅशलेस उपचार करण्याची योजना आली. तिचीही झेरॉक्स पिशवीत आहे, सगळ्यात वर.

2021 मध्ये नागपुरात 'आयरास्ते' नावाचा प्रकल्प सुरू झाला. शहर बसवर यंत्रं बसवली, कॅमेरा समोरचा धोका ओळखतो आणि धडकेच्या आधी ड्रायव्हरला सावध करतो. माझ्या एका विद्यार्थ्यानं काकांना हे मोठ्या उत्साहानं समजावलं, आणि आता तुमचं काम संपलं असंही वर म्हणाला. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. “ते आधीचं पाहते,” ते म्हणाले, “मी नंतरचं.”

गेल्या महिन्यात सकाळी पानठेलेवाल्याचा फोन आला. “सर, काका पडले. अन् उठून नाही राह्यले.” मी धावत गेलो. ई-रिक्षाच्या मागं काका आडवे, सायकलच्या पुढच्या चाकाचा आठ झालेला, गर्दी जमलेली. दोघे त्यांना उचलायला वाकलेले आणि काका खालून ओरडत होते, “हात नका लावू! पहिले फोटो!”

“काका, पहिले माणूस ना!” मी म्हणालो.

“माणूस कुठं पळून राह्यला सर? रिक्षा पळते.”

रिक्षावाला हात जोडून उभा होता. पळण्याचं त्याच्या मनातही नव्हतं आणि बॅटरीतही नव्हतं. बॅटरी उतरली म्हणूनच तो बिचारा कडेला थांबला होता. खडू पिशवीत सापडेना. पानठेलेवाल्यानं बोटानं चुना काढून चाकांच्या जागा आखल्या. टेप मी धरला. आकडे काका खालून म्हणत होते, आणि एकदा मी सव्वा फूट चुकलो ते त्यांनी झोपल्या झोपल्या दुरुस्त केलं. कोणी तरी पाणी आणलं, ते त्यांनी नियमावर बोट ठेवून परत पाठवलं. मग उठून बसल्यावर स्वतः मागून घेतलं, कारण आता ते उभ्या माणसांत मोडत होते. डावं मनगट मोडलं होतं. रिक्षाचा मागचा लाल दिवा फुटला होता, त्याचे अडीचशे रुपये त्यांनी जागेवर दिले आणि पावती मागितली. रिक्षावाल्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून पावतीही त्यांनीच उजव्या हातानं लिहिली आणि त्याचा अंगठा घेतला.

पानठेलेवाल्यानं मला बाजूला नेऊन हळूच सांगितलं: रस्त्याच्या पलीकडे दोन स्कूटी एकमेकींना घासल्या होत्या. काहीच झालं नव्हतं, पोट्टे हसत निघूनही गेले. काका तिकडं पाहत सायकल चालवत होते.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. प्लास्टर गळ्यात, वही मांडीवर. काकू चहा ठेवता ठेवता मला म्हणाल्या, “सारी उमर लोकायच्या गाड्यांचे कागद पाह्यले यांनी. यांच्या गाडीले कागदच नाहीत. ना नंबर, ना विमा. थर्ड पार्टी म्हणते ना हो तुम्ही, ते सुद्धा नाही.” काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

वही उघडीच होती. तारीख, वेळ, जागा. वाहनं: सायकल एक, ई-रिक्षा एक. जखमी: अर्जदार, वय 67. साक्षीदारांत माझं नाव होतं, मी नंतर पोचलो असूनही. पुढे कंसात 'उशिरा' असं लिहिलं होतं. सहाव्या रकान्यात होतं, 'ई-रिक्षा अचानक थांबली.' त्यातल्या 'अचानक'वर एक सरळ रेघ मारलेली, आणि ऑफिसच्या रीतीप्रमाणे खोडलेल्या जागी शेजारी बारीक सही.

सातवा रकाना बघायला मी वही जरा उजेडाकडे ओढली. काकांनी प्लास्टरचा हात पानावर आडवा ठेवला.

“हात नका लावू सर,” ते म्हणाले, “शाई ओली हाये.”

वहीला सुतळीनं बांधलेला बॉलपेन त्यांच्या गुडघ्यावर लोंबत होता.